ढिल्या झोळीतली झोप : गिरणारे ते गोदाकाठ

नाशिकच्या पश्चिमेला तंबू घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की, त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांत झाडांना तोटा नाही. तोटा आहे तो सहा फूट सपाट, बिनखड्याच्या जमिनीला. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, ही अडचण एका फटक्यात सोडवते असे म्हणतात. ते खरेही आहे, पण अर्धेच. जेवणानंतर तासभर झोळीत लोळणे कोणालाही जमते. तिच्यात अख्खी रात्र काढून सकाळी कंबर न धरता उठणे ही शिकण्याची गोष्ट आहे. माझी भाची झोळीत पलंगावरच्यासारखी निवांत झोपते, आणि मला कंबरेचे जुने दुखणे आहे. त्यामुळे जानेवारीत चार दिवसांची सवड मिळताच तिनेच बेत आखला की, नाशिक जिल्ह्यातच रोज निराळ्या जागी मुक्काम करायचा, म्हणजे वारा, उतार आणि थंडी यांची गाठ एकेक करून पडेल आणि प्रत्येकीवरचा उपायही जागच्या जागी कळेल.

वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही आणि वस्तीपासून लांब झोपायचे नाही, या दोन अटी आम्ही आधीच घालून घेतल्या. मुक्कामाच्या सगळ्या जागा खासगी शेतांतल्या आणि ओळखीतल्या होत्या. सामानात दोन झोळ्या, रुंद पट्टे, डोक्यावर बांधायची हलकी ताडपत्री, मच्छरदाणी, स्लीपिंग बॅगा आणि फोमच्या चटया होत्या.

गुरुवार : गिरणारे शिवार

टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गिरणाऱ्याच्या पुढे, गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या बाजूला, भाचीच्या मैत्रिणीच्या घरची शेती आहे. घरामागे आंब्याची दोन जुनी झाडे समोरासमोर उभी असून त्यांच्यात जेमतेम पाच मीटर अंतर आहे. झोळी टांगायला चार ते पाच मीटर अंतर सोयीचे पडते. अंतर त्याहून वाढत गेले की पट्टे झाडावर फार उंच बांधावे लागतात, आणि फार कमी असले की झोळीचे टोकच खोडाला टेकते.

पहिला धडा पट्ट्यांचा होता. भाचीने बुंध्याभोवती अडीच सेंटिमीटर रुंदीचे पॉलिएस्टरचे पट्टे गुंडाळले. नायलॉनचा पट्टा भाराने ताणला जातो आणि दवाने ओला झाला की आणखी सैलावतो, त्यामुळे रात्री गुडघाभर उंचीवर असलेला माणूस पहाटे जमिनीला टेकलेला असतो. बारीक दोरी तर बांधूच नये, कारण ती सालीत रुतते आणि झाडाला इजा करते. पट्टा नसेल तर मालवाहू गाड्यांवर सामान आवळायचा जुना पट्टा चालतो; तोही नसेल तर दोरीखाली गोणपाटाची जाड घडी घालावी.

त्यानंतर माझे हात आपोआप ज्या कामाला लागले, तिथेच तिने मला थांबवले. खाटेची सुंभ जशी आवळून घेतो तसा मी पट्टा ओढू लागलो होतो. "मामा, ताणू नका. जेवढी ढिली, तेवढी सपाट," ती म्हणाली. ऐकायला हे उलटेच वाटते. ताणलेली झोळी रिकामी असताना सपाट दिसते, पण माणूस आत शिरला की तिच्या दोन्ही कडा खांद्यांवर दाबून येतात आणि कुशीवर वळताना ती उलटण्याच्या बेताला येते. ढिल्या झोळीत पोटाशी भरपूर कापड सुटे राहते, आणि त्या सुट्या कापडावर तिरके झोपता येते. खरी किल्ली या तिरकेपणात आहे. डोके मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला असे दहा-पंधरा अंशांनी सरकवले की पाठीखालचा बाक जवळजवळ नाहीसा होतो. मधल्या रेषेवर सरळ झोपणारा माणूस मात्र धनुष्यासारखा वाकलेलाच राहतो.

ढील किती द्यायची, याचे मापही तिने हातानेच दाखवले. अंगठा सरळ वर आणि तर्जनी आडवी धरायची. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरपी रेषा कल्पनेने काढता येते, तिच्याएवढा पट्ट्याचा उतार असावा. तो साधारण तीस अंशांचा भरतो. यामागचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. तीस अंशांवर प्रत्येक पट्ट्यावरचा ताण झोपणाऱ्याच्या वजनाएवढा असतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसामागे सत्तर किलो. तोच कोन दहा अंशांवर आणला तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे दोनशे किलोंचा ताण येतो. झाड वाकते, शिवण उसवते, गाठ सुटते, ती बहुधा अशा आवळून बांधलेल्या झोळ्यांची.

रोज नव्या झाडांवर हीच ढील अंदाजाने साधणे अवघड जाते. म्हणून झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवतात. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या पाच-षष्ठांश ठेवली की झाडे जवळ असोत वा लांब, झोळीचा पोटाकडचा झोल तोच राहतो. आमच्या अकरा फुटी झोळ्यांना ही दोरी नऊ फूट दोन इंचांची होती. चष्मा, बॅटरी आणि पाण्याची छोटी बाटली टांगायलाही ती उपयोगी पडते, हा वरचा फायदा. आठ-नऊ फुटी झोळ्या बाजारात स्वस्त मिळतात, पण पावणेसहा फुटी माणसाला त्यांत तिरके होण्यापुरते कापडच उरत नाही. माझे मत विचाराल तर पैसे वाचवायचे असतील ते ताडपत्रीत वाचवावेत. झोळीच्या लांबीत वाचवू नयेत.

रात्री बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा असे जेवण झाले. घरच्या काकूंनी दोनदा विचारून घेतले की, आत गाद्या घातलेल्या आहेत, मग हे कशाला? त्यांना समाधानकारक उत्तर आम्हा दोघांपैकी कोणालाच देता आले नाही.

पहिली झोप छान लागली. मध्यरात्रीनंतर जाग आली ती दोन कारणांनी. पोटऱ्यांखाली कापडाची एक कडक सळ उभी राहिली होती आणि तिच्यावर पाय टेकल्यामुळे गुडघे उलटे ताणले जात होते. भाचीने शेजारच्या झोळीतूनच सांगितले की, जॅकेट गुंडाळून गुडघ्यांखाली घ्या. तेवढ्याने गुडघे सुटले. दुसरे कारण पाठीतल्या गारठ्याचे होते, आणि त्यावर त्या रात्री मला इलाज सुचला नाही. चांगली जाड स्लीपिंग बॅग होती, पोट उबदार होते, पण पाठ मात्र थंडगार पडली होती. बॅगेतली ऊब तिच्यात अडकलेल्या हवेमुळे टिकते; अंगाखाली ती दबली की हवा निघून जाते आणि खालून वाहणारा वारा थेट कापडाला लागतो. जमिनीवर झोपणाऱ्याला खालून निदान वारा तरी लागत नाही. झोळीतल्या माणसाला वीस अंशांच्या आसपासची रात्रही पाठीला जाणवते, आणि जानेवारीतले नाशिक त्याहून पुष्कळ खाली असते.

शुक्रवार : अंजनेरीचा पायथा

सकाळी नाशिकमध्ये काळ्या रश्श्याची मिसळ खाऊन आम्ही त्र्यंबक रस्त्याला लागलो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांची यात्रा भरते आणि तिच्या आधीच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांतून पायी दिंड्या येत असतात. रस्ता भगव्या पताकांनी आणि टाळांच्या आवाजाने भरलेला होता. गाडी रेंगाळत चालली, पण त्याबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही.

अंजनेरीवर आम्ही दिवसा जाऊन आलो. कड्याच्या खिंडीतल्या पायऱ्या, वाटेतली जैन लेणी, पठारावरचे अंजनीमातेचे मंदिर आणि तळे हे सारे पाहून झाले. कड्यांवर गिधाडे घिरट्या घालताना दिसली. ती तिथे घरटी करतात. २०१७ साली या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे. वर तळ्याकाठी झोळी टांगण्याचा मोह कितीही झाला तरी मुक्कामाची जागा ती नव्हे. आम्ही खाली, गावाच्या कडेच्या एका शेतघराच्या आवारात उतरलो.

आवारात एक दिंडी दुपारच्या विसाव्याला थांबली होती. आम्ही चिंचेला आणि कडुनिंबाला झोळी बांधत असताना पांढऱ्या मिशांचे एक वारकरी काठी टेकत येऊन उभे राहिले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "माउली, बसून बघू का?" भाचीने झोळीचे कापड दोन्ही हातांनी पसरून धरले. आधी मधोमध बूड टेकायचे, मग पाय वर घ्यायचे, एवढेच सांगायचा तिचा विचार होता. पण त्यांनी काही ऐकून घेण्याआधीच बैठक मारली, टोपी पोटावर ठेवली आणि कुणी न शिकवता अंग तिरके टाकून दिले. आदल्या संध्याकाळी जी गोष्ट मला तीनदा समजावून सांगावी लागली होती, ती या गृहस्थांनी श्वास घेतल्यासारखी केली. दिंडीचा कर्णा वाजेपर्यंत ते गाढ झोपले होते. उठल्यावर म्हणाले, "हिला जास्त हलू देऊ नका. पोटात ढवळतं." मग पायांत वहाणा सरकवून निघून गेले.

त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. झुलण्याने झोप लवकर लागते, याला आधार आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली बारा जणांना हळू झुलणाऱ्या पलंगावर दुपारची डुलकी घ्यायला लावली, तेव्हा स्थिर पलंगापेक्षा त्यांना झोप लवकर लागली आणि पेंगेच्या पुढचा, झोपेचा दुसरा टप्पाही लांबला. पण तो पलंग यंत्राने एका संथ लयीत हलवला जात होता. डोंगरावरून उतरणारा वारा अशी लय पाळत नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी झोळीच्या कडेच्या नाडीला एक दोरी बांधून ती खुंटीला सैलसर अडकवावी. झोका तेवढ्याने पुरेसा आवरतो.

रात्री नेमका वाराच सुटला. दिवसभर तापलेला कडा अंधार पडल्यावर निवला आणि थंड हवा उतारावरून खाली वाहू लागली. डोक्यावरची ताडपत्री आम्ही पावसासाठी नव्हे तर दवासाठी आणली होती, पण त्या रात्री तिने भिंतीचे काम केले. वाऱ्याकडची बाजू जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आणून खुंट्यांना बांधली आणि दुसरी बाजू उघडी ठेवली. झोळी वाऱ्याच्या आडवी न टांगता शक्यतो त्याच्या दिशेत, पायांची बाजू वाऱ्याकडे करून टांगावी, हेही याच रात्री कळले.

पाठीसाठी आज फोमची चटई होती. चटईचा त्रास हा की, ती झोळीत एका जागी राहत नाही; माणूस कुशीवर वळला की ती दुसऱ्या बाजूला निसटते. भाचीच्या झोळीचे कापड दुहेरी आहे आणि चटई त्या दोन पदरांच्या मध्ये सरकवता येते. त्या रात्री तिने ती झोळी मला दिली, यावरून मामाचे वय तिने नेमके किती धरले आहे ते लक्षात यावे. चटई हातभर रुंद असते आणि झोळीच्या कडा खांद्यांना लपेटून येतात, त्यामुळे खांदे उघड्या कापडाला लागून गार पडतात. त्यावर तिने जुन्या चटईची फूटभर रुंदीची एक पट्टी कापून खांद्यांच्या पातळीला आडवी घातली होती. पाठीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. पाऊण अंग उबदार राहिले आणि कंबर कुरकुरली नाही.

स्लीपिंग बॅगेत झोळीत असताना शिरणे ही कसरत असते. चेन पूर्ण उघडून पावलांपुरतीच लावलेली ठेवावी आणि बाकीची बॅग रजईसारखी अंगावर ओढावी. अंगाखाली दबलेला भाग तसाही उपयोगाचा नसतो. झोपण्यापूर्वी पावलांवर कोरडे मोजे चढवावेत, आणि पाणी थोडे आवरून प्यावे, कारण वाऱ्यात झोळीतून उतरून पुन्हा सगळी मांडामांड करण्यासारखे दुसरे कंटाळवाणे काम नाही.

शनिवार : पेठ तालुका

नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सावळ घाटाच्या पुढे दिसणारा मुलूख निराळाच आहे. भात निघून गेलेली खाचरे, उतारांवर नागलीची रिकामी शेते आणि अधूनमधून आंब्याच्या वाड्या. आमचे यजमान याच भागातले, भाचीच्या कामाच्या निमित्ताने ओळखीचे झालेले. त्यांची वाडी तीव्र उतारावर आहे. तिथे तंबू लावला असता तर सकाळी आम्ही तंबूसकट ओढ्यात सापडलो असतो.

जानेवारीत आंब्याला मोहोर आलेला होता आणि आवारात शिरताच त्याचा गोडसर, जरासा उग्र वास आला. केशरच्या कलमांमधली एक जोडी अंतराने अगदी नेमकी होती, पण यजमानांनी हात जोडून सांगितले, "ताई, मोहोरलेल्या झाडाला नका बांधू. रात्रभर झाड हललं तर मोहोर गळून जाईल." कलमांचे बुंधेही मनगटापेक्षा थोडेच जाड होते, आणि झोळीसाठी खोड निदान वीतभर रुंद असावे लागते. आम्ही बांधावरचा एक जुना मोह आणि एक साग निवडले. वर पाहून वाळलेली फांदी नसल्याची खात्री करून घेणे हे भाची कधीच विसरत नाही. शेवगा, पांगारा यांसारखी ठिसूळ लाकडाची झाडे तर ती विचारातही घेत नाही.

उतारावर टांगताना जमिनीकडे पाहू नये, दोन्ही पट्ट्यांच्या उंचीकडे पाहावे. पायांकडचा पट्टा डोक्याकडच्या पट्ट्यापेक्षा वीतभर वर बांधायचा. धड जड असल्यामुळे झोळी सारखी बांधली तर माणूस रात्रीतून पायांकडे घसरतो. झोळीचे बसण्याचे ठिकाण खुर्चीएवढ्या उंचीवर असावे. उतारावर एका बाजूने ती उंची खुर्चीएवढी आणि दुसऱ्या बाजूने कमरेएवढी होते, म्हणून चढाकडच्या बाजूनेच चढावे आणि उतरावे. खाली दगड असतील तर ते आधी वेचून टाकावेत.

सागावर तांबड्या मुंगळ्यांची रांग होती आणि ती आमच्या पट्ट्यावरून झोळीकडे वळू लागली होती. यजमानांच्या धाकट्या मुलाने ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये बुडवलेली एक चिंधी आणून पट्ट्याभोवती, झाडापासून हातभर अंतरावर, आवळून बांधली. रांग चिंधीपाशी आली, घुटमळली आणि परतली. मी बॅटरी धरून हा कार्यक्रम बराच वेळ पाहत बसलो. चिंधी झोळीच्या कापडाला लागू द्यायची नाही आणि जवळपास शेकोटी ठेवायची नाही, एवढे पथ्य पाळावे.

चुलीपुढे बसून नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी खाल्ली. नागलीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते तेव्हा तिला एक ओलसर मऊपणा असतो. दहा मिनिटे थांबलात तर तो जातो. तिच्यासाठी गप्पा थांबवाव्यात.

जेवणानंतर घरातल्या आजी झोळी पाहायला आल्या. त्यांनी कापड हाताने दाबून पाहिले, पट्टा ओढून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. "लेकराची झोळी अशीच ढिली बांधतात," त्या म्हणाल्या. "ताणून बांधली तर लेकरू बाहेर पडतं." मग खालून कापडाला हात लावून त्यांनी विचारले, "आणि हिला खालून काही नाही?" भाची सांगू लागली की, झोळीच्या खाली टांगायची खास रजई मिळते, अंगाखाली न दबल्यामुळे तिची ऊब टिकते, पण ती महाग असते आणि आमच्याकडे एकच आहे. आजींनी ते ऐकले की नाही कोण जाणे. त्या आत गेल्या आणि जुन्या लुगड्यांची, चांगली जाड गोधडी घेऊन आल्या.

तिला बसवायला आम्हाला अर्धा तास लागला. चार कोपऱ्यांत सुपारीएवढे खडे घालून बाहेरून नाडी आवळली, म्हणजे गाठ निसटत नाही आणि गोधडीला भोकही पडत नाही. डोक्याकडच्या दोन नाड्या झोळीच्या डोक्याकडच्या टोकाला आणि पायांकडच्या दोन पायांकडच्या टोकाला बांधल्या. पहिल्या खेपेला गोधडी खाली लोंबत राहिली आणि मधल्या पोकळीतून वारा खेळू लागला. मग नाड्या आखडून ती पाठीच्या कापडाला नुसती टेकेल इतकी वर घेतली. तिने अंगाला टेकावे, पण अंगाचा भार घेऊ नये. मी आत झोपलो आणि आजींनी खालून हात फिरवून कुठे फट राहिली आहे ते सांगितले. पायांकडे राहिली होती. तिथे त्यांनी स्वतःच एक गाठ मारली.

सुती गोधडी वजनाला जड, पाठपिशवीत घालून डोंगर चढण्याजोगी नव्हे, आणि पिसांच्या किंवा कृत्रिम तंतूंच्या रजईइतकी हवाही ती धरून ठेवत नाही. पण वारा ती पूर्ण अडवते. घराजवळच्या मुक्कामाला यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला दिसत नाही. चटईसारखी ती निसटत नाही, खांद्यांपर्यंत पोहोचते आणि पाठीखाली कापडाचा मऊपणा तसाच राहतो. त्या रात्री मी कुशीवर झोपलो, जे आधीच्या रात्री साधले नव्हते, आणि कोंबडा आरवेपर्यंत जागा झालो नाही. पोटावर झोपायची सवय असलेल्यांनी मात्र झोळीच्या नादी लागू नये. तेवढे एक तिच्यात जमत नाही.

रविवार : गोदाकाठ, निफाड

पश्चिमेचा डोंगराळ भाग सोडून आम्ही जिल्ह्याच्या पूर्वेकडे आलो ते थंडीसाठी. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव असतेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतो. बेत असा होता की, नांदूरमध्यमेश्वरजवळ एका द्राक्ष बागायतदारांच्या बांधावर, बाभळींना झोळ्या टांगून रात्र काढायची.

बांधावरच्या बाभळी दाखवताच त्यांनी तो बेत मोडीत काढला. "बांधावर? शेजारी ऊस आहे, दादा. इथं बिबट्या रोजचा आहे." गोदाकाठच्या उसात बिबटे राहतात आणि वासरांवर, कुत्र्यांवर, कधी माणसांवरही हल्ले होतात, हे नाशिककराला सांगावे लागू नये. जमिनीपासून दीड फुटावर टांगलेला, रजईत गुरफटलेला माणूस हा अशा ठिकाणी धाडसाचा नव्हे, अविचाराचा नमुना ठरतो. त्यांनी आम्हाला घराला लागून असलेल्या, जाळीचे कुंपण आणि दिवा असलेल्या पॅकिंग शेडमध्ये आणले. तिथे द्राक्षांची निवड आणि भरणी होते आणि छत लोखंडी खांबांवर उभे आहे.

लोखंडी खांबावर पट्टा टिकत नाही, भार पडताच खाली घसरतो. खांबाभोवती आधी ओल्या गोणपाटाचे दोन वेढे आणि त्यावर पट्ट्याचे तीन वेढे दिले तेव्हा तो जागचा हलेनासा झाला. खांब जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेले आणि वर छताच्या कैचीला जोडलेले होते, हे पाहूनच भाचीने होकार दिला. छतामुळे दवाची चिंता नव्हती. तीन बाजू उघड्या असल्याने गारठा मात्र सगळा आत होता.

त्या रात्रीची तयारी आधीच्या सगळ्या धड्यांची गोळाबेरीज होती: दुहेरी कापडात चटई, खाली भाचीची रजई, वर उघडलेली स्लीपिंग बॅग, गुडघ्यांखाली गुंडाळलेले जॅकेट, डोक्याला कानटोपी. पोटाशी गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून ठेवली होती. ती खास सुचवावीशी वाटते, कारण पहाटेच्या वेळी तेच पाणी कोमट झालेले पिताही येते. भाचीने पेठच्या अनुभवावरून यजमानांची गोधडी मागून घेतली आणि स्वतःच्या झोळीखाली बांधली.

पहाटे जाग आली ती थंडीने नव्हे, पंपाच्या आवाजाने. आमच्या तापमापकावर सात अंश होते. बागेत ठिबक सुरू केले होते आणि बांधांवर ओळीने शेकोट्या धुमसत होत्या. द्राक्षात साखर भरत असताना थंडीची लाट आली तर मणी तडकतात. म्हणून विहिरीचे त्या मानाने उबदार पाणी सोडून आणि धूर करून बागेतली हवा काही अंशांनी सावरतात. यजमान त्या कामासाठी तीन वाजल्यापासून उठलेले होते. आम्हाला उबेत घोरताना पाहून त्यांना काय वाटले असेल ते त्यांनी बोलून दाखवले नाही, पण चहा देताना ते हसत होते.

सोमवार : परतीची सकाळ

चापडगावच्या बाजूने नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर तासभर घालवला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेला हा उथळ जलाशय महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. धुके विरेपर्यंत काही दिसत नाही, त्यामुळे फार लवकर जाऊन उपयोग नाही. आठच्या पुढे बदकांचे थवे आणि चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पक्षी, दिसले. दुर्बीण भाड्याने मिळाली आणि तिथल्या मार्गदर्शकाला नेमकी दिशा ठाऊक होती.

सामान घ्यायला शेडवर परतलो तर यजमान पडवीत फीत घेऊन मोजमाप करत उभे होते. आपल्यालाही दुपारी पडायला अशी एक झोळी हवी, एक टोक पडवीच्या विटांच्या खांबाला आणि दुसरे बागेच्या कडेच्या सिल्व्हर ओकला, असा त्यांचा विचार होता. भाचीने दोन्ही नाकारले. विटांचा खांब वरून येणारा भार पेलण्यासाठी बांधलेला असतो, आणि झोळी त्याला आडवी ओढते; सत्तर किलोच्या माणसामागे तीस अंशांवरही ही आडवी ओढ साठ किलोंची असते, आणि कोणी धपकन बसले तर त्याहून कितीतरी जास्त. असे खांब झोळीतल्या माणसाच्याच अंगावर कोसळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सिल्व्हर ओक वाऱ्याला आडोसा म्हणून उत्तम, पण ते मोडते लाकूड. विहिरीपाशी एक कडुनिंब आणि एक जांभूळ होते, बुंधे दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे. तिने अंतर पावलांनी मोजले, सहा पावले भरली, आणि पट्टे किती लांबीचे आणायचे ते यजमानांच्या चिठ्ठीवर लिहून दिले. अकरा फुटी झोळी, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचे पॉलिएस्टरचे पट्टे, आणि खाली, अधोरेखित करून, "ताणून बांधू नये".